कॉन हॅनिफिनचा सोमवारचा शेरा

बोस्टनजवळच्या फॉल रिव्हर या गिरणगावातल्या ओरियन थिएटरात सोमवार दुपारच्या खेळाला पंधराव्या ओळीतली कडेची खुर्ची विकत नसत. ती मॅनेजर कॉर्नेलियस हॅनिफिनची. तोंडावर त्याला सगळे कॉन म्हणत. नटमंडळी पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्यांचीही काही चूक नव्हती. दर सोमवारी गाडीतून नवे आठ खेळ उतरायचे. कसरतवाले, शिकवलेली कुत्री घेऊन हिंडणारे, चौघे मिळून गाणारे, नाचणाऱ्या बहिणी, एकट्याने बोलून हसवणारे. दुपारचा पहिला खेळ संपला की कॉन वर ऑफिसात जाऊन टाइपरायटरवर प्रत्येकाबद्दल दोन-चार ओळी ठोकायचा. तो कागद संध्याकाळच्या टपालाने न्यूयॉर्कला हेड ऑफिसात जायचा, आणि तिथून त्याच्या नकला कंपनीच्या गावोगावच्या थिएटरांत. त्या दोन-चार ओळींवर माणसं पुढचं वर्षभर पोटभर जेवायची, नाहीतर सामान गहाण टाकायची.

आणि गंमत अशी, की हा गृहस्थ स्टेजकडे फारसा बघायचाच नाही. तो बघायचा पुढच्या ओळींतल्या खांद्यांकडे. माणूस खोटं हसला तर आवाज येतो पण खांदे हलत नाहीत, हे त्याचं शास्त्र. कंपनीचा हुकूमही तसाच होता: तुम्हाला काय वाटलं ते कळवू नका, लोकांनी काय केलं ते कळवा. कॉनने हा हुकूम इतका अंगी बाणवला होता, की आपल्याला काही वाटतं का, हे विचारायचंही तो विसरून गेला होता. शेवटचं खळखळून कधी हसला होता, ते त्याला सांगता आलं नसतं.

बरं, आमचं गाव म्हणजे हसायला अवघड. दिवसभर गिरणीत मागांच्या खडखडाटात उभं राहून निम्म्या लोकांचे कान गेलेले. विणकर बाया समोरच्याच्या ओठांवरून शब्द ओळखतात. गावातले अर्धे फ्रेंच बोलणारे, पाव पोर्तुगीज, उरलेले आमचे आयरिश, आणि पैसे दिलेत तर ते वसूल करून घेणारच अशा तयारीने बसलेले. इथे हसू आलं तर कुठेही येईल, असं न्यूयॉर्कला वाटायचं. म्हणून जो खेळ घ्यावा की न घ्यावा अशी शंका असेल, तो हेड ऑफिस आधी ओरियनला धाडायचं. कॉनचा शेरा आला की प्रश्न मिटला. अकरा वर्षांत त्याचा शब्द एकदाही फिरवावा लागला नव्हता.

हेच त्याच्या मुळावर आलं होतं. तो आला होता एका सीझनपुरता. बायकोला, नोराला, सांगितलं होतं की वसंतात बोस्टनला परत जाऊ. दर वर्षी तो बदली मागायचा आणि दर वर्षी उत्तर यायचं, की तुमच्यासारखी नजर ओरियनला दुसरी कुठून आणायची. काम वाईट करावं तर हाकलतील, चांगलं करावं तर सोडणार नाहीत. नोराची बहीण अ‍ॅगथा बोस्टनला, विधवा, दोन मुलींची आई. नोराचा सगळा जीव त्या घरात अडकलेला. इथे एक मूल झालं ते राहिलं नाही, त्यानंतर ती चर्चला जायची, बाजाराला जायची, आणि बाकी वेळ खिडकीशी बसायची. भांडायची नाही, कुरकुरायची नाही. कॉनला वाटायचं, एकदा बाईने ताट आपटावं, निदान घरात काही आवाज तरी होईल. पण नाही.

त्या वर्षी मात्र नशीब उघडल्यासारखं झालं. बोस्टनच्या मोठ्या थिएटरचा मॅनेजर म्हातारा होऊन निघाला होता, आणि हेड ऑफिसच्या व्हिटबेकसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की शरद ऋतूत ती खुर्ची तुमची समजायला हरकत नाही, तोपर्यंत सांभाळून असा. सांभाळून म्हणजे काय, तेही लिहिलं होतं. कंपनीची थिएटरं सभ्य कुटुंबांसाठी. कुठल्याशा गावात एका नटाच्या तोंडून भलतं गेलं, पाद्रीबोवांनी बोंब मारली, तिथल्या मॅनेजरला घरी बसवलं. कॉनने ते पत्र नोराला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिने खिडक्यांचे पडदे काढून धुतले, आणि परत लावलेच नाहीत. घडी करून बोस्टनला न्यायच्या ट्रंकेत ठेवले.

मे महिन्याच्या एका सोमवारी सकाळी बर्डी कॉफल उतरली. पंचेचाळिशीची, अंगाने भरलेली, एका गुडघ्यात अधू. वीस वर्षं तिने छोट्या थिएटरांत, जत्रेच्या तंबूत, सिनेमाच्या रिळांच्या मधल्या वेळात, दिवसाला पाच-पाच खेळ करून काढली होती. मोठ्या कंपनीत हा पहिलाच आठवडा, तोही चाचणीचा. शेरा बरा आला तर चाळीस आठवड्यांचं काम, दिवसाला दोनच खेळ, आणि निजायला गाडीत जागा. तिला हे ठाऊक होतं, कॉनला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे कॉनला ठाऊक होतं. अशा माणसांच्या डोळ्यांत बघायचं तो टाळायचा.

आता कंपनीची रीत अशी: सोमवारचा पहिला खेळ आधी बघायचा, त्यात जे गैर वाटेल ते लिहून निळ्या पाकिटात घालून नटाला द्यायचं. पाकिटात लिहिलेले शब्द रात्रीच्या खेळात आले, तर नट रस्त्यावर. म्हणजे आधी ऐकायचं, मग कापायचं. इतकी वर्षं कॉनने ही रीत मोडली नव्हती. पण व्हिटबेकचं पत्र डोक्यात, बोस्टन डोळ्यांसमोर. पहिल्याच खेळाला एखादा पाद्री बसला असला तर? त्याने बर्डीला विचारलं, लिहून आणलंय का. तिने तेलकट डागांचे कागद काढून दिले. कॉनने निळी पेन्सिल घेतली.

खेळ असा होता. खानावळ चालवणारी बाई रविवारी सकाळी कोंबडीची पिसं काढत बसली आहे. नवरा टेबलाखाली पिऊन पडलाय. तो कधी दिसत नाही. त्याला उभं राहणंही शक्य नाही, चर्चला जाणं दूरच, म्हणून ती त्याच्या पापांची उजळणी स्वतःच करते, पाद्रीबोवांना त्याच्या वतीने सांगायला. एकेका पापाला एकेक मूठ पिसं उपटायची. इतकंच. कागदावर वाचताना कॉनला पुढचं दिसू लागलं. दारुडा नवरा: दारूबंदीवाल्या बाया उठतील. पापांची कबुली: गावच्या चर्चचे फादर फिनुकेन थिएटर जाळतील. आणि त्या पापांतली वरच्या मजल्यावरची विधवा: हरे राम, ते तर नकोच. म्हणजे आयरिश माणूस जे म्हणतो ते तो म्हणाला. पेन्सिल फिरत गेली. शेवटी उरली एक बाई, एक कोंबडी आणि खानावळीतल्या माणसांच्या जेवणाबद्दलच्या तक्रारी.

बर्डीने पाकीट उघडलं, वाचलं, पुन्हा पाकिटात घातलं. इतकंच म्हणाली, “मॅनेजरसाहेब, नुसती कोंबडी सोलायची तर ती मी घरी सोलते. तिथे कुणी बघायला येत नाही.”

त्याने सांगितलं की कंपनीचा नियम आहे, त्याला इलाज नाही.

दुपारी थिएटर भरलं होतं. गिरण्या त्या आठवड्यात निम्म्या वेळच चालत होत्या, त्यामुळे शाली पांघरलेल्या विणकर बायांनी ओळीच्या ओळी धरल्या होत्या. कुत्र्यांना टाळ्या मिळाल्या, गाणाऱ्यांना मिळाल्या. बर्डी आली, बसली, पिसं काढू लागली, उरलेलं बोलू लागली. एकही खांदा हलेना. एवढ्या मोठ्या थिएटरात पिसं उपटल्याचा आवाज ऐकू येत होता. कुणी तरी खोकलं. पडदा पडला तेव्हा दोन-चार टाळ्या झाल्या, त्या पडद्यासाठी.

कॉन वर गेला. बाकीच्यांचे शेरे हाताला सरळ आले. मग बर्डी. बराच वेळ तो टाइपरायटरसमोर नुसता बसला. लोकांनी काय केलं ते कळवा. त्याने लिहिलं: “कुमारी कॉफल. एकटीचं बोलणं. स्टेजवर कोंबडी सोलते. सबंध वेळात एकही हशा नाही. पुढे देण्यासारखी नाही.” वाचून बघितलं. एक अक्षर खोटं नव्हतं. कातर आपण चालवली हे लिहायला त्या कागदावर जागाही नव्हती, पद्धतही नव्हती. त्याने पाकीट चिकटवलं आणि टपालाची पिशवी आली त्यात टाकलं.

संध्याकाळी पुन्हा तेच, पुन्हा तीच शांतता. कॉन एरवीसारखा मागे कठड्याशी उभा राहिलाच नाही. तिकिटखिडकीत जाऊन बसला.

मंगळवारी दुपारी काय झालं, ते गावात अजून सांगतात. बर्डी आली, बसली, कोंबडी मांडीवर घेतली, टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, “बार्नी, मेलास का रे? नाही? बरं. मग सुरुवातीपासून.”

मागच्या कठड्याला टेकून उभा असलेला कॉन ताडकन सरळ झाला. बाईने सगळं परत घातलं होतं. दारू, कबुली, पाद्री, सगळं. नियमाने त्याने तिथल्या तिथे पडदा पाडायला सांगायला हवं होतं. तो वळलाही. पण पुढच्या ओळीतला एक खांदा हलला, मग दुसरा. बर्डी तोंड पुरतं उघडून, शब्द न् शब्द ओठांवर मांडून बोलत होती. बहिऱ्या विणकर बायांना तिचं सगळं कळत होतं. पहिल्या पापाला एक मूठ पिसं, दुसऱ्याला एक मूठ. मग ती थांबली. “आणि फादर, वरच्या मजल्यावर विधवा बाई एकटीच राहते. तिच्या थंडीत पेटवायच्या शेगडीतली राख काढून द्यायला गेला होता, परोपकारी माणूस.” एक पीस काढलं. त्याच्याकडे बघितलं. “जुलै महिन्यात.” आणि मग एक अक्षर न बोलता दोन्ही हातांनी अशी पिसं उपटायला लागली, की कोंबडी क्षणभर दिसेनाशी झाली.

थिएटर कोसळलं. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एक म्हातारा कोट तोंडात कोंबून बसला होता. आणि कॉन हॅनिफिन, ज्याचे खांदे कधी कुणी मोजले नव्हते, कठडा धरून वाकला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हसू ओसरलं तेव्हा त्याला सोमवारचं पाकीट आठवलं, आणि ते आता न्यूयॉर्कला उघडलं गेलं असेल हेही.

पडदा पाडायला त्याने सांगितलं नाही. दुसरं पाकीटही दिलं नाही.

संध्याकाळी तो जेवायला घरी गेला तर दारातच थबकला. नोरा स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. शेजारच्या मिसेस सिल्व्हियाने तिला बळेच दुपारच्या खेळाला ओढून नेलं होतं. अकरा वर्षांत नोरा ओरियनमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आली असेल. तिने कोबी आणि खारवलेलं मांस वाढलं, आणि वाढता वाढता ती बर्डीची नक्कल करू लागली. बटाट्याची सालं उपटत म्हणाली, “जुलै महिन्यात!” आणि खुर्चीवर बसून पदराने... छे, पदर कुठला, ॲप्रनने डोळे पुसू लागली. कॉन तिच्याकडे बघतच राहिला. हा आवाज या घरातून गेला होता, तो परत येईल असं त्याने धरलंच नव्हतं.

“तू तिच्याबद्दल चांगलं लिहिलंस ना?” नोराने विचारलं.

“हो,” कॉन म्हणाला.

रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर. गप्प बसावं तर बोस्टन हातात होतं: नोराची बहीण, भाच्या, पडदे लावायला दुसऱ्या खिडक्या. बोलावं तर काय बोलणार? की माझी नजर चुकली, आणि शिवाय मी कंपनीचा नियम मोडून कापलं, आणि शिवाय बाईने कापलेलं परत घातलं ते मी चालू दिलं. तीन गुन्हे, एकाच कागदावर. पण ते “हो” त्याला गिळता येईना.

बुधवारी सकाळी त्याने व्हिटबेकसाहेबांना लिहिलं. कुमारी कॉफलबद्दलचं सोमवारचं म्हणणं रद्द समजावं. खेळ बघण्याआधीच मी कातर चालवली, आणि तीही वाजवीपेक्षा जास्त. फसली ती माझी कातर, बाई नव्हे. कापलेलं सगळं आता परत घातलं आहे, माझ्या संमतीने, आणि असा हशा या थिएटरने माझ्या काळात ऐकलेला नाही. सही केली, स्वतः टपालात जाऊन टाकलं, आणि परत येताना त्याला चक्क हलकं वाटलं. वेडा कुठला.

उत्तर शुक्रवारी आलं. व्हिटबेक रागावले नव्हते; रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी मवाळपणे लिहिलं होतं, की दुसरा शेरा कंपनी वाचत नाही हे आपण जाणताच. पहिला नजरेने लिहिलेला असतो. दुसरा, माफ करा, ओळखीने. आठवडाभर एकाच छपराखाली राहिलं की मॅनेजरचं मन बदलतं, विशेषतः बायांच्या बाबतीत, असा आमचा जुना अनुभव आहे. सोमवारच्या आपल्या शब्दावर भिस्त ठेवून कुमारी कॉफलचे पुढचे आठवडे मंगळवारीच रद्द केले आहेत. बोस्टनला आम्ही दुसऱ्या गृहस्थांची नेमणूक करत आहोत. तिथे मॅनेजरला एकट्याच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावे लागतात. ओरियनला मात्र आपल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्याच टपालात शेजारच्या प्रॉव्हिडन्स गावच्या थिएटर मॅनेजरची एक ओळ आली होती. व्हिटबेकसाहेबांचा तर्क तिथवर पोचला होता म्हणायचा. “काय कॉन, कोंबडीचा रस्सा एकट्यानेच ओरपलास म्हणे?”

म्हणजे खरं लिहून तो लबाड ठरला, आणि जे अर्धं लिहिलं होतं, ते सोन्याच्या मोलाचं धरलं गेलं. कुणापुढे रडणार? ज्यांनी त्याच्या शब्दाला इतकं वजन दिलं होतं, त्यांनी तोच शब्द धोंड्यासारखा त्याच्या छातीवर ठेवला होता.

शनिवारी दुपारी खेळ संपल्यावर तो बर्डीच्या खोलीत गेला. ती गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. रद्द झाल्याचं तिला कळलं होतं. उलट तिनेच त्याचे आभार मानायला सुरुवात केली: मी कापलेलं परत घातलं तरी तुम्ही बोलला नाहीत, दुसरा असता तर मंगळवारीच सामान फेकलं असतं, न्यूयॉर्कवाल्यांना कोंबड्या आवडत नसतील, त्याला तुम्ही काय करणार. कॉनला मान हलवून बाहेर पडता आलं असतं. त्याने दार लावलं आणि सगळं सांगितलं. कातर कुणाची, शेरा कुणाचा, दुसरं पत्र, त्याचं उत्तर, सगळं.

बर्डीने पट्टीची गाठ मारली. मग वर बघितलं.

“मंगळवारी मागे उभे राहून हसत होता, ते तुम्हीच ना?”

“हो.”

“वीस वर्षांत प्रत्येक मॅनेजर मला हेच सांगत आलाय, की न्यूयॉर्कने केलं. ‘मी केलं’ म्हणणारे तुम्ही पहिले.” तिने पट्टीवरून मोजा वर ओढला. “पण हे घेऊन मी जाऊ कुठे, साहेब? सोमवारी मला कुठे उतरायचं तेच माहीत नाही.”

संध्याकाळच्या खेळाला तिने पुन्हा छप्पर उडवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. पुढे तिला मोठ्या थिएटरात कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही.

नोराला अजून काहीच माहीत नव्हतं. रविवारी चर्चहून आल्यावर ती अ‍ॅगथाला काय काय लिहिलं ते सांगत होती: भाच्यांच्या खोलीला लागून खोली मिळेल, गाडीने थिएटर जवळ पडेल, आणि ती कोंबडीवाली बाई बोस्टनला आली की सगळ्यांनी मिळून जायचं. कॉन ऐकत राहिला. मग म्हणाला, “नोरा, बोस्टनचं राहिलं.” आणि पहिल्यापासून सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी आपण तिला ‘हो’ म्हणून खोटं सांगितलं, तेही सांगितलं. तू तशी हसत होतीस, म्हणून ते दुसरं पत्र लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही, असंही तो म्हणाला. त्याला वाटलं होतं, निदान एवढं ऐकून तिला काहीतरी वाटेल.

ती उघड्या खिडकीकडे बघत बसली. बाहेर गिरणीची धुराडी रविवारची थंड होती. मग ती बोलली, आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

“म्हणजे मी त्या दिवशी हसायला नको होतं.”

कॉन म्हणाला, तसं नाही गं, तसं मुळीच नाही. पण तिने ट्रंक उघडली होती आणि पाठमोरी होऊन ती पडदे बाहेर काढत होती. तिचे खांदे स्थिर होते.